बूटभर अंतर

लोरिआं, ४ फेब्रुवारी २००९

प्रिय सोलांज,

तुमच्या नगराध्यक्षांचं पत्र आलं. जाड कागद, वर सोनेरी शिक्का. मला आधी वाटलं, कुणाच्या तरी लग्नाचं बोलावणं. उघडून बघते तर काय, मोर्विएच्या नव्या क्रीडागृहाला तुझं नाव देतायत! तीस मेला उद्घाटन, आणि "मादाम व्हुइयमँ यांच्या सर्वांत जुन्या प्रतिस्पर्धी" म्हणून मी दहा मिनिटं बोलायचं. सर्वांत जुन्या म्हणे! अगं, मी चोपन्नची आहे, वस्तुसंग्रहालयातली नाही.

आणि तू एका शब्दानं कळवलं नाहीस. नाताळला कार्ड येतं त्यावर "प्रकृती बरी, बर्फ भरपूर" एवढंच. तीस वर्षं तेच. पूर्वी मला वाटायचं, जिंकायला लागली आणि हिला शिंगं फुटली. आता वय झाल्यावर कळतं, काही माणसं अबोलच असतात.

मी येणार हे नक्की. यान म्हणतो, "त्यांना सांग जेवण आधी वाढा. ही उभी राहिली की दहा मिनिटांचा तास होतो." नवऱ्यांचं काय जातं बोलायला. पण मला साहित्य हवं. तुझे आकडे सगळे छापील मिळतात. मला ते नकोत. सुरुवात कशी झाली, कधी रडलीस, कधी सोडावंसं वाटलं, ते लिही. तुझ्या शब्दांत.

तुझी,
आर्मेल


मोर्विए, १५ फेब्रुवारी २००९

प्रिय आर्मेल,

हे क्रीडागृहाचं सगळं माझ्या मनाविरुद्ध चाललंय. दोनदा नको म्हणाले. नगराध्यक्ष हसून म्हणाले, "मोठी माणसं नकोच म्हणतात." 

तू विचारलंस म्हणून लिहिते. माझे वडील चीज करायचे हे तुला माहीत आहे. गावात लाकूड कापायची गिरणी होती. तिथला भुसा त्यांनी बैलगाडीभर आणून गोठ्यामागे ओतला आणि उंच उडीसाठी दोन खांबांवर चिजाच्या फळ्या घासायचा लांब दांडा आडवा ठेवला. मी तेव्हा बारा वर्षांची. पडले की केसांत भुसा, तोंडात भुसा. आई म्हणायची, "ही मुलगी आहे की सुतार?" त्यानंतर बोदे नावाचे रेल्वेतले कारकून भेटले. ते दर गुरुवारी सायकलवरून येऊन शिकवायचे. पहिली चार वर्षं मी पोटावरून काठी ओलांडायची. मग सगळं जग पाठीवरून उडी मारायला लागलं, आणि मला सतराव्या वर्षी सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं. पाठ टाकायची म्हणजे मागे न बघता विश्वास ठेवायचा. मला ते फार जड गेलं.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरला पहिलं राष्ट्रीय विजेतेपद, लिल शहरात. त्या दिवशी तुझं अंतर चुकलं, नाहीतर ते तुझंच होतं. मग युरोपियन स्पर्धेत गेले. तिथे पाऊस होता. एक मीटर ऐंशीवर संपले, चौदावी आले. घरी आले तर वडिलांनी दारात फुलांची कमान उभारलेली. मी तिच्याखालून न जाता मागच्या दारानं आत गेले.

त्यानंतर आणखी सहा विजेतेपदं. ब्याऐंशी साली एक चौऱ्याण्णव, ती माझी सर्वांत उंच उडी. त्या वेळी मी हवेत असतानाच कळलं होतं की काठीला काही लागलेलं नाही. मग घोटा दुखावला. सत्त्याऐंशीत एका छोट्या स्पर्धेत एक पंच्याहत्तरला तीनदा काठी पाडली आणि बूट तिथेच कचऱ्याच्या डब्यात टाकून घरी आले. तेव्हापासून शाळेत मुलांना खेळ शिकवते.

यातलं काही बोलण्याजोगं आहे का बघ. मला वाटत नाही.

सोलांज


लोरिआं, २२ फेब्रुवारी २००९

प्रिय सोलांज,

बोलण्याजोगं नाही कसं? भुसा मी घेणारच, आणि ती कमानसुद्धा. मात्र चौदावी आलीस म्हणून मागच्या दारानं कशाला जायचं गं? आमच्याकडे चौदावा आलेला माणूस बंदरावर मिरवला असता.

एक गोष्ट तुला दुरुस्त करून सांगते. आजवर क्लबबाहेर कुणाला सांगितली नाही. लिलला माझं अंतर चुकलं नव्हतं. माझी खूण हलवली होती.

तुला आठवेल, धाव सुरू करायच्या जागी मी पांढरी चिकटपट्टी लावायची, वर पेनानं फुली मारलेली. खांबापासून बुटापुढे बूट ठेवत साडेसत्तेचाळीस बूट मोजून. एक त्र्याऐंशीच्या उंचीला पहिल्या दोन प्रयत्नांत मी काठीच्या अगदी अंगावर जाऊन पोहोचले, वर जाता जाताच खांद्यानं काठी पाडली. मला वाटलं, घाबरलेय, पावलं लांब पडतायत. तिसऱ्यांदाही तेच. मग मी परत जाऊन बुटानं मोजलं. साडेशेहेचाळीस. पंचांकडे गेले. ते म्हणाले, "माद्मोझेल, खूण तुमची, जबाबदारी तुमची."

आणि ती कुणी हलवली, तेही मला माहीत आहे. जोझियान तांगी. आमच्याच क्लबची, एकोणीस वर्षांची, हाडकुळी, लाल केसांची. ती एक सत्त्याहत्तरला बाद झाली होती आणि माझे कपडे मांडीवर घेऊन बरोबर त्या खुणेपाशी गवतावर बसली होती. दुसरं कुणी तिथे फिरकलंच नाही. परतीच्या गाडीत मी सगळ्यांसमोर विचारलं, "जोझियान, माझी पट्टी तू हलवलीस?" ती रडायला लागली. "मी नाही. मी तुझ्यासाठी पाणी आणायला गेले होते." मी म्हटलं, "कुठंय पाणी? मला तर घोटभर मिळालं नाही."  क्लबमध्ये मग तिच्यासोबत सराव करायला कुणी तयार होईना. सप्टेंबरात ती यायचीच थांबली. खरं सांगायचं तर अंगात गुण होता तिच्या, माझ्यापेक्षा जास्त. पण अशा माणसाला काय करायचं?

ग्रोआ बेटाच्या बोटीचं कार्यालय आहे ना, तिथे तिकीट विकते ती. माझी बहीण बेटावर राहते, म्हणून महिन्यातून एकदा तरी जावं लागतं. तिच्या खिडकीवर मी कधी उभी राहत नाही. शेजारची रांग कितीही लांब असली तरी तिथेच.

हे भाषणात सांगणार नाही, भिऊ नकोस. त्या दिवशी हरल्यावर सगळ्यांत आधी तू येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवलास, हे मात्र सांगणार.

तुझी,
आर्मेल


मोर्विए, ३ मार्च २००९

प्रिय आर्मेल,

तू येऊ नकोस. कारण आत्ता लिहिता येत नाही.

सोलांज


लोरिआं, २० मार्च २००९

सोलांज,

दोन आठवडे वाट बघितली. दोनदा फोन केला, उचलला नाहीस. यान म्हणतो तू आजारी असशील. मी म्हटलं, आजारी माणूस "आजारी आहे" असं लिहितो. मी तुझ्या विजेतेपदाला डाग लावला असं वाटलं का? अगं, त्यात तुझा काय दोष? खूण हलली ती माझी, उडी मारलीस ती तू. मी एवढंच सांगत होते.

काय झालं ते सरळ लिही. कोड्यात बोलणारी माणसं मला सहन होत नाहीत.

आर्मेल


मोर्विए, ९ एप्रिल २००९

आर्मेल,

जोझियान खरं बोलत होती. ती बाटली घेऊन नळाकडे गेली होती. तुझे कपडे गवतावर ठेवले आणि गेली. नळावर रांग होती. तेवढ्यात तुझं नाव पुकारलं, म्हणून ती रिकामी बाटली घेऊनच पळत परत आली. मी तिला जाताना बघितलं आणि येताना बघितलं. या दोहोंच्या मधे ती पट्टी मी हलवली.

मी बुटाची नाडी बांधायला वाकल्यासारखं केलं. पट्टी सहज निघाली, कारण गवत ओलसर होतं. एक बूट पुढे लावली आणि अंगठ्यानं दाबली. उठताना मला वाटलं, सगळं मैदान माझ्याकडे बघतंय. कुणीच बघत नव्हतं.

का केलं, हे तू विचारशील. गेले पाच आठवडे मी त्याचं उत्तर शोधतेय, आणि वडिलांवर, बोदेंवर, निवड समितीवर ढकलता येईल असं बरंच काही सापडलं. त्यातलं एकही खरं नाही. तू त्या वर्षी माझ्यापेक्षा चांगली होतीस आणि युरोपियन स्पर्धेसाठी जागा एकच होती. मला जायचं होतं. एवढंच.

तुझ्या खांद्यावर मी हात ठेवला तो तुझं सांत्वन करायला नव्हे. तुला कळलंय का, हे मला तुझ्या तोंडावर वाचायचं होतं.

मी मागच्या दारानं गेले ते चौदावी आले म्हणून नव्हे. आता तुला कळलं असेल.

पुढच्या सहा विजेतेपदांत मी कुणाचं काही हलवलं नाही. एक चौऱ्याण्णव माझी आहे, असं मी स्वतःला सांगत आले. पण पहिल्या विजेतेपदावरून मला शिबिरात जागा मिळाली, चांगले बूट मिळाले, हिवाळ्यात बंदिस्त मैदान मिळालं. तुला यातलं काही मिळालं नाही. दोन वर्षांत तू थांबलीस. मला वाटायचं, मी एका बाईचं वाईट केलं, आणि ती बाई मजेत आहे, नवरा आहे, मुलं आहेत, नाताळला हसरी कार्डं पाठवते, म्हणजे फार काही बिघडलं नाही. असा हिशोब मी तीस वर्षं करत होते. तुझ्या पत्रातून कळलं की दुसरीही एक आहे, आणि तिचं नावसुद्धा मला आठवत नव्हतं.

नगराध्यक्षांना कालच भेटून सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं. मग म्हणाले, "मादाम, तीस वर्षांत कुणी विचारलं नाही. आता कशाला सांगता?" मी म्हटलं, "पाटीवर नाव रंगवायच्या आधी सांगावं म्हणून." क्रीडागृहाला आता नदीचं नाव देणार आहेत.

माफी मागायला मला तोंड नाही.

सोलांज


लोरिआं, ३० एप्रिल २००९

सोलांज,

तुझं पत्र मी चार वेळा फाडायला घेतलं.

शिव्या द्यायच्या म्हणून बसले होते. चांगल्या दोन पानांच्या दिल्यासुद्धा, पण ते पान पाठवत नाही. युरोपियन स्पर्धा गेली त्याचं मला वाईट वाटतं, अजून वाटतं, खोटं कशाला बोलू. पण रात्रंदिवस डोळ्यांपुढे येते ती जोझियान. आगगाडीच्या डब्यात आठ जणींच्या मधे रिकामी बाटली हातात धरून रडणारी. ती बाटली मी बघितली होती, सोलांज. तिच्या हातात होती. मी म्हटलं, "कुठंय पाणी?" आणि सगळ्या हसल्या. माणूस पाणी आणायला गेला नसता, तर रिकामी बाटली हातात कशाला धरून बसला असता? एवढं माझ्या डोक्यात आलं नाही. की आलं होतं आणि मी बाजूला सारलं? मला कुणीतरी दोषी हवं होतं, आणि ती लहान होती, गरीब घरची होती, आणि माझ्यापेक्षा चांगली उडी मारायला लागली होती.

परवा बोटीच्या कार्यालयात गेले. तिच्या खिडकीपुढे एकही गिऱ्हाईक नव्हतं, ती आत एकटीच बसली होती. मी दारातूनच परत आले. यानला अजून सांगितलेलं नाही.

तिचा पत्ता खाली देते. मला जे जमलं नाही ते तू कर. सुरुवात तू केलीस.

आर्मेल


मोर्विए, ६ मे २००९

मादाम तांगी यांस,

तुम्ही मला ओळखणार नाही. जुलै १९७८ मध्ये लिलच्या स्पर्धेत मी उंच उडीत पहिली आले. त्या दिवशी आर्मेल ल गुएलेक हिची धावेची खूण मी हलवली. तुम्ही पाणी आणायला गेला होता तेव्हा. तुमच्यावर आळ आला हे मला यंदा फेब्रुवारीत कळलं. तोपर्यंत माहीत नव्हतं, पण कुणावर तरी येईल याचा मी विचार केला नाही, हेही तितकंच खरं.

तुम्ही सांगाल ते मी करीन. काहीच सांगायचं नसेल, तर तेही तुमच्या हक्काचं आहे.

सोलांज व्हुइयमँ


लोरिआं, २४ मे २००९

मादाम,

तुमचं पत्र शनिवारी दुपारी जेवताना आलं. माझे यजमान म्हणाले, "कुणाचं?" मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "उंच उडी? कुणाची उंच उडी?"

आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं की मी उडी मारायची. मुलींनाही नाही. सांगितलं असतं तर "मग सोडलं का?" हे पुढे आलं असतं. माझी आई वारली तेव्हा तिच्या कपाटात माझी पदकं सापडली. मी ती जोरात खोकत खोकत, खडखडाट ऐकू येऊ नये म्हणून, पिशवीत भरली आणि बंदरात नेऊन टाकली. जे मी केलंच नव्हतं त्याची मला इतकी लाज वाटत होती.

या गावात तोंड लपवायला जागा नाही. भाजीवाली क्लबची, डॉक्टरची बायको क्लबची. कुणी काही बोलत नाही. पण माझ्या खिडकीवर सुटे पैसे घेताना त्या दोनदा मोजतात. कदाचित सगळ्यांचेच मोजत असतील. मला कधी ठरवता आलं नाही.

मी काय सांगू ते विचारलंत. तर ऐका. तेव्हाच्या क्लबमधली अकरा माणसं अजून हयात आहेत. मी यादी केली आहे, ती सोबत जोडते. तेरा जूनला शनिवारी सकाळी अकरा वाजता क्लबच्या हॉलमध्ये त्यांना तुम्ही बोलवा, मी नाही बोलावणार. तिथे या आणि तोंडानं सांगा. माझे यजमान आणि दोन्ही मुली असतील. माफी मागू नका, रडू नका. रडलात तर लोक तुम्हालाच पाणी देतील. झालं ते फक्त सांगा.

आर्मेललाही बोलवा.

जोझियान तांगी-मोर्व्हां


लोरिआं, १४ जून २००९

आर्मेल,

स्टेशनजवळच्या हॉटेलात बसून लिहितेय. तुझं घर इथून चार किलोमीटरवर आहे असं टॅक्सीवाला म्हणाला. तू काल आली नाहीस म्हणून मी तिकडे यावं की नाही, याचा विचार केला. नाही येत. पण काय झालं ते तुला कळायला हवं.

अकरांपैकी नऊ आले. एकाला चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. जोझियान पुढच्या रांगेत न बसता भिंतीला टेकून उभी होती. केस अजून लाल आहेत, थोडे. मी उभी राहिले आणि हळू आवाजात बोलायला लागले. मागून एक म्हातारी ओरडली, "मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही!" मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "जोझियान तांगीनं काही केलं नव्हतं. ती खूण मी हलवली." मग नळ, रांग, बाटली, बुटाची नाडी, अंगठा. सगळं मिळून चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. इतकी छोटी गोष्ट आहे ती, आर्मेल. सांगायला बसलं तर चार मिनिटांची.

 मी खाली बघत होते. चिटणीस होते ना तुमचे, काठीनं चालणारे, ते उठले आणि जोझियानकडे जायला निघाले. मधे तीन खुर्च्या. त्यांना बराच वेळ लागला. तिच्यासमोर उभे राहून म्हणाले, "पोरी, तुझं नाव मी वहीतून स्वतःच्या हातानं खोडलं होतं." ती म्हणाली, "माहीत आहे. मी दारात उभी होते."

त्यांनी तिचा हात धरायला हात पुढे केला. तिनं धरला नाही. पण त्यांचा तोल जायला लागला तेव्हा कोपराला आधार देऊन खुर्चीत बसवलं.

मग तिची धाकटी मुलगी, असेल वीसएक वर्षांची, आईसारखीच उंच, अचानक म्हणाली, "आई, किती उंच?" जोझियानला कळलंच नाही. "काय किती?" "तू. किती उंच उडायचीस?" ती म्हणाली, "एक ऐंशी." तर खुर्चीतूनच चिटणीस म्हणाले, "एक ब्याऐंशी. ऑगस्टमध्ये सरावात. मी स्वतः मोजली होती, त्या वेळी तिच्याशी कुणी बोलत नव्हतं, एकटीच उडत होती." मुलीनं भिंतीवर हात वर नेऊन अंदाज केला. "इथपर्यंत?" जोझियान जवळ गेली, मुलीचं मनगट धरलं आणि आणखी वर नेलं. "इथपर्यंत." आणि तिथेच, हात तसाच वर धरून, ती रडायला लागली. तिचे यजमान टोपी चुरगाळत उभे होते. मी बाहेर गेले. तिथे माझं काही काम नव्हतं.

ती माझ्याशी एकदाच बोलली. मी फाटकापाशी टॅक्सीची वाट बघत होते, तिथे ती आली. "तुम्हाला माफ केलं असं मी म्हणणार नाही," म्हणाली. मी म्हटलं, "नका म्हणू."  मग तिनं विचारलं, "आर्मेल आजारी आहे का?"

तिला खरंच काळजी वाटत होती. हो म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं, आणि तूही सुटली असतीस. जिभेवर आलंही होतं.

मी म्हटलं, "नाही. ती बरी आहे."

सोलांज